हाडातली गाठ आणि साधा फोटो



मुलाच्या हाडात गाठ म्हटली की कामगाराच्या घरी आधी कर्जाचा अर्ज लिहिला जातो. असे अर्ज आम्ही पुष्कळ पाहिले. पण राँटजेनने १८९५ साली शोधलेले, आणि त्या भल्या माणसाने पेटंटही न घेतलेले क्ष-किरण इथे बहुधा पुरे पडतात. गुडघ्यापाशी, हाडाच्या एका कडेला, रेखीव पांढऱ्या किनारीचा डाग फोटोत दिसला आणि मूल हिंडतेफिरते असले, तर तो बहुधा निरुपद्रवी तंतुमय दोष. मूल वाढते तसा तो आपोआप भरतो. त्याला सुई कशाला, एम.आर.आय. कशाला? रात्री ठणकणारे, गोळीने थांबणारे दुखणे निराळे. तिथला २ सेंटिमीटरांहून लहान गाभा सी.टी.तच नीट दिसतो. आणि डागाची किनार पुसट असली, तर मात्र अर्ज त्याच दिवशी मंजूर करा.