गोंडपिपरीचं धान, जिनिव्हाचा हिशेब

चुरणं आटोपलं की गोंडपिपरीचा शेतकरी सातबारा घेऊन आधारभूत धान खरेदी केंद्र गाठतो. पोत्यातून मूठभर धान काढून ओलावा मोजतात. तो १७ टक्क्यांच्या आत भरला की धान काट्यावर चढतं आणि सरकारच्या हमीभावाने विकलं जातं.

या हमीभावावर नजर असते जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेची. १९९५ पासून लागू असलेल्या कृषी करारानुसार भारताला एखाद्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच असा आधार देता येतो. खरी गोची हिशेबात आहे. आजचा हमीभाव ताडून पाहिला जातो १९८६ ते १९८८ मधल्या किमतींशी! तेव्हापासून मजुरी, खत, डिझेल कुठल्या कुठे गेलं. हा सरळसरळ अन्याय आहे.

२०१३ साली संघटनेच्या बाली परिषदेत ‘शांतता कलम’ आलं. सरकारी अन्नसाठ्यापायी मर्यादा ओलांडली, तरी अटी पाळणाऱ्या देशाविरुद्ध दावा लावायचा नाही, असं ठरलं. २०१८-१९ च्या तांदळासाठी भारताने ते वापरलं. असं करणारा तो पहिलाच देश. या पेचावर कायमचा तोडगा २०१७ पर्यंत निघायचा होता. त्या वर्षीची ब्युनोस आयर्सची परिषद मात्र त्याविनाच उठली, आणि वाटाघाटी रेंगाळल्या.