आतल्या सीमेचा प्रकाश



१९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठविला. आत गेलेल्या प्रकाशाची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर होती. बाहेर आलेल्या प्रकाशात ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, अतिक्षीण जंबुपार अंशही आढळला. छायाचित्रात त्याचा एक बारीक ठिपका उमटला होता. शोधनिबंध छापून आला तेव्हा ठिपका दाखविणारा बाण जागेवर होता, ठिपका मात्र नव्हता! छपाईच्या वेळी तो डाग समजून पुसला गेला, असे सांगतात. अरेषीय प्रकाशिकी या शाखेचा आरंभ याच प्रयोगापासून मानला जातो.

एरव्ही प्रकाश काचेतून वा पाण्यातून गेला तरी त्याची कंप्रता बदलत नाही. झोत फार तीव्र असला, तर पदार्थातील इलेक्ट्रॉनांची आंदोलने साध्या प्रमाणात राहत नाहीत आणि दुप्पट कंप्रतेचा प्रकाश निर्माण होऊ शकतो. मात्र त्याला सममितीची अट आहे. घरातला झोपाळा मोकळा असेल, तर पुढचा व मागचा झोका सारखाच जातो; एका अंगाला भिंत जवळ असेल, तर त्या बाजूचा झोका आखूड पडतो. ज्या स्फटिकाची रचना केंद्राच्या दोन्ही दिशांना सारखी असते, त्यात आंदोलने दोन्हीकडे तुल्यबळ असतात आणि दुप्पट कंप्रतेचा प्रकाश जवळजवळ उमटतच नाही. क्वार्ट्झची रचना तशी नसल्यामुळे तेथे तो उमटला. परंतु दोन सममित पदार्थ जेथे एकमेकांना भेटतात, तेथे दोन्ही अंगांचा शेजार निराळा असतो आणि समतोल मोडतो. म्हणून अंतर्भाग मूक राहतो आणि त्यांच्यामधले आंतरपृष्ठ तेवढे बोलते.

या गुणाचा उपयोग ऑक्साइडांच्या एका जोडीवर चांगला दिसून आला. २००४ साली ओहतोमो आणि ह्वांग यांनी स्ट्राँशियम टायटॅनेटच्या स्फटिकावर लँथॅनम अ‍ॅल्युमिनेटचा पातळ थर चढविला. दोन्ही पदार्थ विद्युत्‌निरोधक. तरीही त्यांच्या संधीवर वीज वाहू लागली. थर चार कोशिकांइतका, म्हणजे सुमारे दीड नॅनोमीटर जाड होईपर्यंत हे वहन सुरू होत नाही, असे २००६ साली आढळले. वरच्या पदार्थात धन व ऋण विद्युत्‌भाराचे स्तर एकाआड एक रचलेले असतात. थर वाढतो तसा त्यातील विद्युत्‌ताण वाढत जातो आणि अखेर इलेक्ट्रॉन संधीकडे सरकतात, असा एक खुलासा पुढे आला. प्राणवायूच्या अणूंच्या रिकाम्या जागांकडे बोट दाखविणारेही होते.

निवाडा कसा करावा? नमुना कापून पाहावा, तर तो पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही. विद्युत्‌मापक केवळ वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वार्ता देतो. जागीच अडकलेले त्याच्या हिशेबात येत नाहीत. प्रकाश मात्र पारदर्शक थरातून सहज आत जातो आणि दोन्ही प्रकारच्या इलेक्ट्रॉनांचा माग घेऊ शकतो. इटलीतील नेपल्सच्या संशोधकांनी निरनिराळ्या जाडीचे नमुने घेऊन त्यांतून येणारा दुप्पट कंप्रतेचा प्रकाश मोजला. २००९ साली त्यांनी दोन आकस्मिक बदल नोंदविले. दुसरा बदल वहन सुरू होण्याच्या सुमारास, चार ते सहा कोशिकांच्या जाडीला होता. पहिला मात्र तीन कोशिकांनाच दिसला. त्या जाडीला नमुना अद्याप निरोधकच होता. मापकाला काहीच दिसत नव्हते, तेव्हा आत हालचाल झालेली होती.

तिचा अर्थ लावताना संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या: संधीवर आलेले इलेक्ट्रॉन प्रथम जागीच अडकत असावेत, अथवा वरच्या थरातील अणूच किंचित सरकत असावेत. आपल्या मोजमापाने एकच पक्ष सिद्ध झाला, असा दावा त्यांनी केला नाही. क्षीण खूण डाग म्हणून पुसू नये, हा १९६१ चा धडा; आणि खूण सापडली म्हणून तिचा एकच अर्थ घाईने ठरवू नये, हा त्याला जोडून घ्यावयाचा दुसरा.