हाडांचा चिवटपणा आणि आपली न्हाणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या कै. मातोश्री न्हाणीच्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. "जरा पाहून चालावे," असे आम्ही त्यांनाच बोललो. त्याच फरशीवर आमचे चिरंजीव नित्य आपटत आणि हसत उठत. हा भेद कशामुळे, याचा विचार आम्ही फार उशिरा केला.

शाळेत आम्ही एक प्रयोग दाखवीत असू. कोंबडीचे हाड काही दिवस शिरक्यात ठेवले की त्यातील चुन्याचे क्षार विरघळतात व ते रबरासारखे वाकते. दुसरे हाड विस्तवात चांगले भाजले की त्यातील तंतू जळतात व ते हाताने चुरता येते. क्षारांमुळे हाडास कठीणपणा येतो, तंतूंमुळे चिवटपणा.

बालकाचे हाड ओल्या फांदीसारखे असते. ते वाकते, चिरते, पण पुष्कळदा दुभंगत नाही. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा पूर्ण होतो. पुढे उतार लागतो. इंग्लंडमधील झिउपोस व करी या संशोधकांनी ३५ ते ९२ वर्षे वयाच्या माणसांची मांडीची हाडे तपासून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पस्तिशीनंतर दर दहा वर्षांस हाडाची ताठरता २.३ टक्के व बळ ३.७ टक्के घटते. परंतु मोडण्यापूर्वी आघात पचविण्याची शक्ती मात्र ८.७ टक्के घटते! म्हणजे वृद्धाचे हाड दुर्बल होते, त्याहून अधिक ते ठिसूळ होते. त्यातील छिद्रे वाढतात, तंतू ताठर होतात, आणि पूर्वी वाटेत अडणारी बारीक चीर आता विनासायास पुढे जाते. स्त्रियांच्या हाडांचा ऱ्हास तर रजोनिवृत्तीनंतर अधिकच वेगाने होतो.

तेव्हा दोष मातोश्रींच्या चालण्याचा नव्हता, आमच्या फरशीचा होता. हे त्यांना सांगण्याची संधी आता आम्हांस उरली नाही. आपणांस ती आहे.

म्हणून विनंती एवढीच : घरी परतल्यावर न्हाणीतील शेवाळ खरवडून काढा, भिंतीस धरावयास दांडी बसवा, रात्री वाटेत दिवा ठेवा. मुलींच्या ताटातील दूध व नाचणी मुलांहून कमी नसावी. त्यांना खेळू द्यावे. साठा करावयाचा तो तिशीच्या आतच. आणि घरातील वडीलधारे पडलेच, तर त्यांना बोल लावू नका.