चित्रफितीतली माणसे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. सभेत बोलायचे म्हणजे पाय कापतात. पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "पाहिलेत तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलाला जुन्या चित्रफिती पाहण्याचा नाद लागला. विमाने, लढाऊ जहाजे, शंभर वर्षांपूर्वीचे रस्ते! रात्री मागचे आवरले की मीही त्याच्याजवळ बसे. इंग्रजी तो वाचून सांगे. पाहायला मात्र माझे डोळे मला पुरत. १९०९ साली विल्बर राइट यांच्या विमानात यंत्र ठेवून रोमजवळ घेतलेली फीत पाहिली. खालून शेते सरकताना दिसतात. गंमत वाटली.

मग एके रात्री त्याने 'बारहॅम' या इंग्रजांच्या युद्धनौकेची फीत लावली. २५ नोव्हेंबर १९४१, भूमध्य समुद्र. जर्मन पाणबुडीचे पाणतीर लागून जहाज एका अंगावर कलते. उघड्या पडलेल्या कुशीवर मुंग्यांसारखे काहीतरी हलताना दिसते. ती माणसे! आणि एकदम दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होतो, धुराखेरीज काही दिसत नाही. सगळे चारपाच मिनिटांत आटोपले. शेजारच्या 'व्हॅलियंट' जहाजावर जॉन टर्नर नावाचे वार्तापटाचे छायाचित्रकार होते, त्यांनी ते टिपले. मुलगा म्हणाला, "आई, काय जबरदस्त आहे!" आणि खोटे कशाला सांगू, मीही म्हटले, "पुन्हा लाव."

पुन्हा लावण्याआधी त्याने पुढचे वाचून दाखवले. ८६० हून अधिक खलाशी गेले. शत्रूला कळू नये म्हणून सरकारने ही बातमी २७ जानेवारी १९४२ पर्यंत जाहीर केली नाही. घरच्यांना मात्र आधी पत्रे गेली, आणि त्यांत बजावले होते की, जाहीर होईपर्यंत कुणाजवळ बोलू नका. भगिनींनो, त्या बायकांचे काय झाले असेल? नळावर शेजारीण भेटली, "काय गं, पत्र आले का त्याचे?" म्हणाली, तर काय सांगायचे? रडायचेसुद्धा दार लावून!

पुन्हा लाव असे मग मला म्हणवले नाही.

पण याहून वाईट पुढेच आहे. १९५६ साली अमेरिकेत उडत्या तबकड्यांचा एक बोलपट निघाला. त्यात तबकडी एक जहाज बुडवते. ते बुडणारे जहाज म्हणजे हीच 'बारहॅम'ची फीत! तोवर उणीपुरी पंधरा वर्षे झाली होती. एखादी आई तिकीट काढून बसली असेल, आणि तिचा मुलगा तिच्यासमोर करमणुकीसाठी पुन्हा बुडाला असेल. कायद्याने यात काही चुकले नसेलही. मला ते पटत नाही.

म्हणून आता मी पाहते तेव्हा विचारते, हे कुणी घेतले, आणि जे ऐकू येते ते तेव्हाचेच का? 'हिंडेनबर्ग' हे जर्मन हवाई जहाज ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे जळाले, ३६ माणसे गेली. त्या चित्राबरोबर एका निवेदकाचा रडवेला आवाज ऐकू येतो. तो माणूस तिथे होता, आवाज खरा आहे. पण तो वेगळ्या तबकडीवर घेतलेला, चित्राला मागाहून जोडलेला. आम्ही इतके दिवस दोन्ही एकच समजत होतो!

सर्वांत आवडली ती मात्र साधी फीत. इंग्लंडात ब्लॅकबर्न गावी मिचेल आणि केन्यन हे दोघे १९०० च्या सुमारास गिरण्यांच्या फाटकाशी यंत्र लावीत आणि सुटलेल्या कामगारांना टिपत. मग लोक पैसे देऊन स्वतःलाच पाहायला जात. त्या फिती पुढे विसरल्या गेल्या. १९९४ साली एका दुकानाच्या तळघरात तीन पिंपे सापडली, त्यांत ८०० च्या आसपास फिती. नायट्रेटची जुनी फीत भुरकन पेटते. आपल्या पुण्यातही २००३ साली आग लागून कित्येक जुन्या चित्रपटांच्या अशा फिती खाक झाल्या. ही पिंपे राहिली हे नशीब.

त्या फितींत डोक्यावरून शाल घेतलेल्या बायका येतात. एखादी लाजून तोंड फिरवते, एखादी हसते. पोरे पुढेपुढे करतात. बाजारातून येताना कुणी फोटो काढू लागला तर आपण अशाच दिसू. पण त्यांतल्या बहुतेकींची नावे आज कुणाला सांगता येत नाहीत.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या वर्धापनदिनाची चित्रफीत दरवर्षी निघते. तीत पाहुणे, हार, दीपप्रज्वलन सगळे असते. यंदा मागच्या खोलीतही यंत्र न्यावे. तिथे पहाटेपासून साखरभाताच्या पातेल्याशी बसलेल्या असतात, त्या आजवर एकाही फितीत आलेल्या नाहीत. दुसरी अशी, की फितीत कोण कोण आहे ते लिहून ठेवावे. मी वही आणली आहे. गेल्या वर्षीची फीत आता लावणार आहेत. ज्या ओळखू येतील त्यांची नावे भराभर सांगा, मी लिहून घेते.