सवाल टाका, गोष्ट लिहा

लिहायला बसलं, की सुचतच नाही? शाहिरांकडे यावर तोडगा होता. १७४४ साली जन्मलेले शाहीर अनंत फंदी आपल्या संगमनेरचे. त्यांच्या शाहिरी परंपरेत कलगीवाले नि तुरेवाले असे दोन पक्ष आमनेसामने येत. एकाने कवनातून कूट सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातूनच जवाब द्यायचा. पंडितांच्या समस्यापूर्तीतही असंच : बहुधा शेवटची ओळ दिलेली असे, बाकीचा श्लोक कवीने रचायचा. शाळेतलं मुद्द्यांवरून कथालेखनही त्याच जातीचं. चांगल्या सवालात माणूस, जागा आणि अडचण असते. उत्तर मात्र नसतं. हा घ्या एक : राहुरीच्या बाजारात आजीने कोंबडी विकली. संध्याकाळी तीच कोंबडी दारात हजर! पैसे तर खर्च झालेले. पुढचं तुम्ही लिहा, आणि एक सवाल शेजाऱ्यालाही टाका.