उडप्याकडे

(१९८१ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आपल्या वेळचं बाहेरचं खाणं’. जेवणाची पानं माझ्या भाषणानंतर मांडायची आहेत, त्यामुळे दहाची अकरा होणार नाहीत.

आपल्या वेळी मुलुंडमध्ये बाहेर खाणं म्हणजे उडप्याकडे जाणं. मालक शेट्टी असोत, कामत असोत, नाही तर पालघाटचे अय्यर, आपल्या लेखी सगळे उडपीच. ज्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी आजी पाटावरून उठायची, त्या घरातूनही उडप्याकडे जायला परवानगी मिळे. निकाल लागला, पाहुणे आले, वडिलांना बोनस मिळाला, की मसाला डोसा. चौघांत दोन, आणि सांबाराची वाटी पुन्हा भरून.

आजीचा हा विश्वास कुठून आला? त्याचं मूळ उडुपीच्या कृष्णमठात आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तिथे कृष्णाची स्थापना केली. आठ मठ, आणि दर दोन वर्षांनी पूजेचा मान एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याला ‘पर्याय’ म्हणतात. पूजेबरोबर येतं ते अन्नदान. त्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही, चातुर्मासात तर भाज्या आणि डाळी यांवरही बंधनं. रोज इतकी पानं उठवायची म्हणजे हात स्वच्छ हवा, झटपट हवा आणि चव रोज तीच हवी. हे कसब घेऊन त्या भागातली माणसं पोटामागे बाहेर पडली आणि मुंबईत आली.

त्यांची पहिली मोठी वस्ती माटुंग्याला. तिथलं रामाश्रय १९३९ चं आणि रामा नायक यांचं ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ चं. आपल्याकडून स्लो लोकल धरायची, कारण फास्ट माटुंग्याला थांबत नाही. स्टेशनाबाहेर पडलं की मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. आधी कूपन, मग नंबरची वाट, मग केळीचं पान. भाज्या, पोळी किंवा पुरी, भात, त्यावर रस्सम, मग सांबार, मग ताक-दही. वाढपी पुन्हा पुन्हा येतो आणि तुम्ही पानावर हात आडवा धरेपर्यंत थांबत नाही. स्वयंपाकघर बघायचं असेल तर खुशाल आत जाऊन बघा. मुंबईतली किती हॉटेलं असं म्हणू शकतील?

त्या पाटीवरच्या ‘बोर्डिंग’ या शब्दाकडे लक्ष द्या. बोर्डिंग म्हणजे खाणावळ. घर गावाला, नोकरी मुंबईत, खोलीत चार जण आणि चूल नाही, अशा माणसाचं ते दोन वेळचं जेवण. आपण तिथे चैन म्हणून गेलो. ते निघालं होतं गरज म्हणून.

हल्ली माझी मुलं मोबाईलवर ‘ऑथेंटिक साऊथ इंडियन’ शोधतात. अस्सल. आता अस्सल कशाला म्हणायचं? उडुपीच्या सांबारात नारळ आणि गूळ असतो, म्हणून ते आपल्या आमटीच्या जवळचं लागतं. आपल्या वर्गातली पालघाटची मैत्रीण समोर बसली आहे. तिच्या आईनं स्टेशनजवळच्या हॉटेलातलं सांबार एकदा चाखलं आणि म्हणाल्या, “हे पायसम आहे, यात डाळ कुणी टाकली?” त्यांच्याकडचं चिंचेचं झणझणीत सांबार ज्यांनी डब्यातून पळवून खाल्लंय ते इथे निदान सहा जण आहेत. त्यांनी हात वर करू नयेत. म्हणजे दोन्ही अस्सल, आणि आपण दोघांनाही ‘मद्रासी’ म्हणून मोकळे. तुळू ही वेगळी भाषा आहे हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

घाटकोपरच्या खाऊगल्लीत आता डोशात चीज, शेजवान चटणी आणि काय काय घालतात. माझी तक्रार नाही, रांग लागते म्हणजे आवडत असणार. पण मला विचाराल तर डोसा कडेला जाळीदार, मधे मऊ आणि खाल्ल्यावर बोटांना तुपाचा वास, एवढंच हवं. चीज पोटाला पुरतं, पण आंबलेल्या पिठाची ती बारीक आंबट चव त्याखाली गुदमरते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो.

आपल्या टेबलावर पाण्याचे पेले कोण ठेवायचं, आठवतंय? खांद्यावर फडकं टाकलेला आपल्याच वयाचा मुलगा. दक्षिण कन्नडमधल्या कुठल्या तरी गावातून नातेवाईकाचा हात धरून आलेला. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती १९९८ ला पूर्ण झाली. बसनं रात्रंदिवस प्रवास, हॉटेलातच झोपणं, पहाटे उठून उडीद-तांदूळ वाटणं. आपण पाळण्यात होतो त्या वर्षांत याच माणसांविरुद्ध ‘लुंगी हटाव’च्या घोषणा झाल्या, हॉटेलांवर दगड पडले. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा पीठ वाटावंच लागलं असेल. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात कामाला ठेवायला बंदी आली ती २००६ मध्ये.

त्यातली काही मुलं रात्री शिकायची. मुंबईत कन्नड रात्रशाळा बऱ्याच होत्या आणि काही मुलं मराठी रात्रशाळांतही जायची. आपल्या इमारतीत संध्याकाळी साडेसहाला दिवे लागायचे, ते त्यांच्यासाठी. आपण दुपारी ज्या बाकांवर करकटकानं नावं कोरली त्याच बाकांवर ती बसत. आमच्या ‘ब’ तुकडीत शेवटच्या बाकावर एक नाव कानडी अक्षरात कोरलेलं होतं, आम्ही त्याला नक्षी समजायचो. सरांनी ते वाचून घेतलं तेव्हा समजलं. ते सर आज पहिल्या रांगेत आहेत.

आपल्या इमारतीत रात्रशाळा आजही भरते. मी गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांना भेटलो. मुलं आता हॉटेलातली कमी. कुरिअरवाली, दुकानात काम करणारी, घरकाम करून येणाऱ्या मुली आहेत. आठला मधली सुट्टी होते आणि निम्म्यांनी दुपारनंतर काही खाल्लेलं नसतं. झोप येते ती गणितामुळे नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या.

आपण शाळेला द्यायला निधी जमवला आहे. त्यातून प्रवेशद्वारावर कमान आणि तिच्यावर आपल्या बॅचचं नाव, असा एक ठराव पुढे आहे. माझी सूचना वेगळी आहे. वर्षभर शाळेच्या दिवशी, आठच्या सुट्टीत, प्रत्येकाला चार इडल्या आणि सांबार. स्टेशनजवळच्या ज्या उडप्याकडे आपण निकालाचा डोसा खायचो त्याच्या मुलाशी मी बोललोय. तो मालाचा खर्च तेवढा घेईल, मजुरी घेणार नाही. डबे पावणेआठला पोचतील, सांबार वेगळ्या किटलीत, कारण भिजलेली इडली मुलं टाकून देतात. हिशेब ठेवायला दोघं हवेत आणि आठवड्यातून एकदा जाऊन वाढायला कुणीतरी. सोमवार मी घेतो.

ठराव जेवणानंतर मांडायचा आहे. पानं मांडायला सुरुवात झालेली दिसतेय, तेव्हा थांबतो. सांबारात गूळ आहे, पालघाटकरांनी सांभाळून घ्यावं.