वेळेला धावला तो मित्र



१९१७ साली बडोद्यात काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाबासाहेबांना पारशी धर्मशाळा खाली करायला लावली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस! त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक म्हणाला, माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. शेवटी रात्रीच्या गाडीपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. मागितलं काय होतं? पथारीपुरती जागा!

नवल भथेनाही पारशीच. पण १९२० साली बाबासाहेब लंडनला शिकायला निघाले, तेव्हा या मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले. माणूस जातीवरून नव्हे, वेळेवरून ओळखावा.

मी साखर कारखान्यातला कामगार. पोरगी आजारी होती तेव्हा एका सोबत्यानं स्वतःची पाळी करून तीन रात्री माझी पाळी केली. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. मी मात्र विसरलो नाही.

शिर्डीत परगावच्या हजारोंना रोज आसरा मिळतो. आपल्या गल्लीत आज कोणाची चूल पेटली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे का? विहारातून घरी जाताना एक दार वाजवा, एवढंच सांगणं.

नमो बुद्धाय! जयभीम!